जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर, नवं विंडोज: कंपॅटिबिलिटी मोड की व्हर्च्युअल मशीन?

लातूरच्या आडतीवर काय किंवा जालन्याच्या बियाणे दुकानात काय, विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या काळातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्या पीसीवर टाकायला गेलं की सेटअप अडतो.

आधी कंपॅटिबिलिटी मोड, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमला जुनं विंडोज असल्याचं भासवणारी सोय. फुकट आणि पाच मिनिटांचं काम. सेटअप फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. तिथे ‘विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक 3’ निवडून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’वर टिक करा. इन्स्टॉल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये नको, सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा, नाहीतर बिल सेव्ह करताना परवानगीचा एरर येतो. डॉट नेट 3.5 (जुन्या प्रोग्रॅमना लागणारा विंडोजचा भाग) मागितलं तर ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करा.

पण सॉफ्टवेअर 16 बिटचं, म्हणजे फारच जुन्या पद्धतीचं असेल तर या मोडचा काडीचा उपयोग नाही. 64 बिट विंडोजमध्ये ते चालवणारा भागच नसतो, आणि विंडोज 11 तर 64 बिटमध्येच येतं. जुन्या डोंगलचा (सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी पीसीला लावायची चावी) 32 बिट ड्रायव्हरही तिथेच आपटतो.

अशा वेळी व्हर्च्युअल मशीनच, म्हणजे पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा पीसी; तो व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये बनवा आणि त्यात एक्सपी टाका. त्यासाठी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा. 32 बिट एक्सपीला 512 एमबी रॅम, 10 जीबी डिस्क पुष्कळ. एक्सपीचं लायसन्स मात्र हवं. त्याचा सपोर्ट 2014 मध्येच संपला, म्हणून व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद ठेवा. आणि यूपीएस लावाच: व्हर्च्युअल मशीन चालू असताना लाइट गेली तर डेटा खराब होऊ शकतो.