दादरची किडनी डायटिशियन, बाबांना नेलं होतं त्याचा अनुभव

बाबांची किडनी स्टेज ३ ला आहे, डायलिसिस नाही. रक्ताच्या तपासणीत सीआरपी पण वाढलेला आला, म्हणजे शरीरात आतल्या आत सूज, किडनीच्या पेशंटला ती बरेचदा असते आणि हार्टलाही त्रास देते. नातेवाइकांच्या सल्ल्याने तोवर डाळ बंद, फळं बंद, बाबा नुसते वाळत चाललेले. म्हणून दादर वेस्टला फक्त किडनीचे पेशंट बघणाऱ्या एका डायटिशियनकडे नेलं.

मॅडमनी छापील चार्ट हातात दिला नाही, हे मला फार आवडलं. आधी पोटॅशियम, फॉस्फरस, शुगर बघितली, मग विचारलं घरात रोज काय शिजतं. प्रोटीन किलोमागे ०.८ ग्रॅम, बाबा ६० किलोचे म्हणजे ४८ ग्रॅम, त्यामुळे डाळ परत सुरू, पण मापात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, एक छोटा चमचा, आणि पापड, लोणचं, सुकट, वडापाव सगळं त्यातच धरायचं. फायबरवर त्यांचा खूप जोर, भाकरी, दुधी, पडवळ, कोबी, कारण किडनी कमजोर झाली की आतड्यातले बॅक्टेरिया बिघडतात आणि त्यांनी तयार केलेली घाण रक्तात जाऊन सूज अजून वाढवते. लो सोडियम मीठ तर लगेच बंद करायला लावलं, त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं आणि कमजोर किडनीला जादा पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आम्ही ते हेल्दी म्हणून आणत होतो. आणि करमळं (स्टार फ्रूट), शाळेबाहेर तिखटमीठ लावून विकतात ती, किडनीवाल्याने अजिबात खायची नाहीत, थेट मेंदूवर परिणाम होतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा प्लीज.

व्यायाम पण त्याच सांगतात. शिवाजी पार्कला चालणं, बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे, हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यायचं, शिवाय खुर्चीवरून उठबस आणि रबर बँड, स्नायू टिकावेत म्हणून. गुडघा दुखला तर मेडिकलमधून आपल्या मनाने पेनकिलर आणायची नाही. सीआरपी हिरड्यांच्या इन्फेक्शननेही वाढतो म्हणून डेंटिस्टकडेही पाठवलं, हे बाकी कोणी सुचवलंच नव्हतं!

फी जास्त वाटली, शनिवारी तोबा गर्दी असते आणि व्हॉट्सअ‍ॅपला रिप्लाय उशिरा येतो. तरी मी नक्की जा म्हणेन, बाबा आता जेवायला आनंदाने बसतात. फक्त डायलिसिस चालू असेल तर प्रोटीन उलट जास्त लागतं, तेव्हा आमचे आकडे उचलू नका, ताजे रिपोर्ट घेऊन स्वतः भेटा.