तांत्रिक नोकरीतील बर्नआउटनंतर: थांबावे, जागा बदलावी, भूमिका बदलावी की क्षेत्रच सोडावे?

तांत्रिक नोकरीत अनेक वर्षे राबून पुरता थकलेला माणूस करिअर बदलण्याचा विचार करू लागतो, तेव्हा त्याला बहुधा दोनच वाटा दिसत असतात: आहे ते कसेबसे रेटत राहणे, किंवा राजीनामा देऊन अगदी वेगळ्या क्षेत्रात उडी घेणे. वास्तविक या दोहोंच्या मध्ये आणखी पर्याय आहेत आणि पुष्कळांसाठी तेच अधिक योग्य ठरतात. पर्यायांची तुलना सहसा पगार, प्रतिष्ठा आणि मागणी यांवरून केली जाते. बर्नआउटमधून जाणाऱ्या माणसाला मात्र त्या तुलनेचा फारसा उपयोग होत नाही. त्याने प्रत्येक पर्यायाला आधी एकच प्रश्न विचारावा, की माझी झीज ज्या कारणाने झाली ते कारण या वाटेने दूर होते का?

म्हणून कारणापासूनच सुरुवात करणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केलेली आहे. तिची तीन लक्षणे तेथे दिली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी वाढत जाणारा दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. ही व्याख्या जाणीवपूर्वक कामापुरतीच मर्यादित ठेवलेली आहे. झोप, भूक आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस सुट्टीच्या दिवशीही परतत नसेल आणि अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली असेल, तर तो नैराश्याचा प्रश्न असू शकतो. अशा वेळी करिअरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटावे. याबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

कारणे शोधण्यासाठी क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लीटर या संशोधकांनी मांडलेल्या सहा बाबी फार उपयोगी पडतात: कामाचा भार, कामावरील नियंत्रण, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी असलेले नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. माणूस आणि त्याचे काम यांचा मेळ यांपैकी जितक्या बाबींत बसत नाही तितका बर्नआउटचा धोका वाढतो, असे त्यांचे म्हणणे आहे. तांत्रिक कामात या बाबी कशा दिसतात हे जरा जवळून पाहू. रात्री अडीचला सेवा बिघडल्याची आपोआप सूचना, म्हणजे अलर्ट, येतो; लॉग फाइलींनी, म्हणजे यंत्रणेच्या नोंदींच्या फाइलींनी, डिस्क भरलेली असते; ऑन-कॉल असलेला, म्हणजे अवेळीही हाकेला धावण्याची पाळी असलेला, अभियंता जुने लॉग पुसून वीस मिनिटांत सेवा पूर्ववत करतो. त्यानंतर झोप येत नाही आणि सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे संघाच्या रोजच्या छोट्या बैठकीला, तो वेळेवर हजर असतो. वरवर पाहता ही भाराची गोष्ट वाटते. पण लॉग आपोआप काढून टाकण्याची दुरुस्ती त्याने तीन महिन्यांपूर्वीच सुचवलेली असेल आणि नव्या सुविधेच्या (फीचरच्या) घाईत ती प्रत्येक वेळी मागे ढकलली गेली असेल, तर हा नियंत्रणाचा प्रश्न आहे. सेवा बंद पडू नये म्हणून राबणाऱ्याची दखल कोणी घेत नाही आणि बंद पडलेली सेवा उठवणाऱ्याचे मात्र बैठकीत कौतुक होते, असे घडत असेल तर तो कदर आणि न्याय यांचा प्रश्न झाला. आणि आपण चालू ठेवतो ती सेवा लोकांच्या भल्याची नाही असेच त्याला वाटू लागले असेल, तर तो मूल्यांचा प्रश्न आहे. रात्र एकच, अलर्टही एकच. पण कारणे चार, आणि चारहींवरचे उपाय वेगवेगळे.

आपले कारण कोणते हे आठवून सांगता येत नाही, कारण थकलेल्या मनाला सगळेच सारखे नकोसे वाटते. दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी, आज कोणत्या कामाने सर्वांत जास्त दमवले आणि ते या सहांपैकी कोणत्या बाबीत मोडते, एवढे दोन ओळींत लिहून ठेवावे. बरोबरीने आणखी एक नोंद करावी: आज असे काही केले का, ज्यात वेळेचे भान राहिले नाही? एखादा किचकट बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधताना अजूनही तसे होत असेल, तर कामावरचे प्रेम शिल्लक आहे आणि क्षेत्र सोडण्याची घाई करू नये.

थांबणे

केवळ भार हेच कारण असेल, तर पहिला पर्याय विश्रांतीचा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. तेव्हा दीर्घ रजा मागणे हा दुबळेपणा नाही. परंतु रजेचे दोन नियम लक्षात ठेवावे लागतात. पहिला असा, की मनाने कामापासून अलग होणे हा विश्रांतीचा गाभा आहे. फोनवर ऑफिसचे चॅट चालू ठेवून घेतलेली रजा ही घरून केलेली नोकरीच असते. दुसरा असा, की परतल्यावर परिस्थिती तीच असेल तर रजेचा लाभ काही आठवड्यांतच ओसरतो. या पर्यायाला जोखीम सर्वांत कमी आणि परत फिरणे सर्वांत सोपे, मात्र भार सोडून इतर पाच कारणांना तो हातही लावत नाही. तरीही बाकीचे निर्णय डोके शांत असताना घेता यावेत म्हणून, शक्य असेल त्या प्रत्येकाने सुरुवात येथूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

तेच काम, दुसरी जागा

नियंत्रण, न्याय किंवा सहकाऱ्यांशी असलेले नाते ही कारणे असतील आणि कामाची आवड टिकून असेल, तर नोकरी बदलणे पुरेसे ठरू शकते. मिळकत बहुतांशी कायम राहते, नव्याने शिकावे लागते ते थोडे, आणि अनुभवाचे वजन कमी होत नाही. धोका आहे तो नव्या नवलाईचा. बॉस्वेल, बूड्रो आणि टिची या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोकरी बदलणाऱ्या व्यवस्थापकांचे समाधान नव्या जागी एकदम वर जाते आणि पुढे पुन्हा खाली येते, असे आढळले होते. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांच्या उत्साहावरून निर्णय बरोबर ठरला असे मानू नये.

मुलाखतीत कंपनीच्या संस्कृतीविषयी विचारले तर छापील उत्तर मिळते. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टींविषयी विचारावे: गेल्या महिन्यात रात्रीचे किती अलर्ट आले? सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याची तारीख कोण ठरवते, आणि संघाच्या सांगण्यावरून ती शेवटची पुढे कधी ढकलली गेली? जुन्या कोडच्या दुरुस्तीसाठी वेळ राखून ठेवला जातो का? गूगलने सेवा चालू ठेवणाऱ्या अभियंत्यांसाठी एक मर्यादा घालून दिली होती, की त्यांच्या वेळेपैकी जास्तीत जास्त ५० टक्के वेळ दैनंदिन देखभालीत जावा आणि उरलेला कायमस्वरूपी सुधारणांसाठी वापरला जावा. प्रत्येक कंपनीत असा नियम असणार नाही, पण तो ऐकून मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा कसा होतो यावरून पुष्कळ काही कळते.

लगतची भूमिका

चारही पर्यायांत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो हा, आणि माझ्या मते सर्वाधिक विचार व्हावा असाही हाच. तांत्रिक लेखन, चाचणी, डेटा विश्लेषण, सुरक्षा तपासणी, प्रशिक्षण, ग्राहकांना उत्पादन बसवून देण्याचे काम, प्रॉडक्ट मॅनेजमेंट, म्हणजे उत्पादनाची दिशा सांभाळण्याचे काम: या सगळ्यांत जुने ज्ञान कामी येते, परंतु दिवसाचा आकार पालटतो. तांत्रिक लेखकाला सहसा रात्रीचे अलर्ट येत नाहीत. प्रशिक्षकाला आपल्या कामाचा परिणाम समोरच्याच्या चेहऱ्यावर त्याच दिवशी दिसतो. जिथे झीज कामाच्या पद्धतीने झाली आहे आणि विषयाविषयी मात्र कडवटपणा नाही, तिथे ही वाट चांगली लागू पडते.

यात एक फसवी वाट आहे, ती मात्र ओळखावी. थकलेल्या अभियंत्याला बढतीच्या रूपाने बहुतेक वेळा संघप्रमुखाची किंवा प्रॉडक्ट मॅनेजरची भूमिका देऊ केली जाते आणि निर्णय आपल्या हाती येतील या आशेने तो ती स्वीकारतो. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार, कामाची मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा थोडी असते तिथे ताण सर्वाधिक असतो. प्रॉडक्ट मॅनेजरवर उत्पादनाची जबाबदारी असते, पण ज्या अभियंत्यांकडून काम करून घ्यायचे ते बहुधा त्याच्या अधिकाराखाली नसतात, आणि तारखा तर वरून ठरूनच येतात. ज्याचे मूळ दुखणे नियंत्रणाच्या अभावाचे आहे त्याने ही भूमिका घेण्यापूर्वी त्या जागेवरच्या माणसाला, गेल्या सहा महिन्यांत त्याने कोणती गोष्ट ठामपणे नाकारली आणि ती नाकारलेलीच राहिली का, हे जरूर विचारावे.

पैशाच्या दृष्टीने येथे घट होऊ शकते, पण ती सहसा क्षेत्र सोडल्यावर होते तेवढी नसते. नव्या औपचारिक पदवीची गरजही क्वचितच भासते. लिहिलेले दोन-तीन चांगले दस्तऐवज किंवा घेतलेली एखादी कार्यशाळा दाखवता आली तरी दार उघडते.

क्षेत्र सोडणे

कारण मूल्यांचे असेल, म्हणजे आपण जे घडवतो ते घडवूच नये असे वाटत असेल, किंवा नोंदींच्या कित्येक आठवड्यांत कामात हरवून गेल्याचा एकही दिवस आढळला नसेल, तर क्षेत्र सोडण्याचा निर्णय रास्त आहे आणि तो लांबवण्यात काही अर्थ नाही. आजवर घालवलेली वर्षे वाया जातील ही भीती येथे आडवी येते. परंतु ती वर्षे राहिल्यानेही परत मिळणार नाहीत. विचार करायचा तो पुढच्या वर्षांचा.

मात्र जायचे कुठे, याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. संगणकासमोर थकलेली माणसे बहुधा माणसांच्या सेवेकडे वळू पाहतात: शिकवणे, समुपदेशन, शुश्रूषा, सामाजिक काम. ही ओढ सच्ची असते. पण बर्नआउटची संकल्पना मुळात याच व्यवसायांतून आली आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तिचे वर्णन केले ते मोफत दवाखान्यात झिजणाऱ्या कार्यकर्त्यांवरून, आणि मास्लाक व सुझन जॅक्सन यांची बर्नआउट मोजण्याची १९८१ मधील प्रश्नावलीही आरोग्य व समाजसेवेसारख्या क्षेत्रांसाठीच तयार झाली होती. इतर नोकऱ्यांसाठीची आवृत्ती त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. तेव्हा कामाला अर्थ मिळाला की थकवा येणार नाही, हे गृहीत धरून तिकडे जाऊ नये. मूल्यांचा प्रश्न तिथे सुटेल. भाराचा सुटेलच असे नाही, आणि कदर व मोबदला यांबाबत हात कदाचित अधिकच आखडता असेल.

सुतारकाम, छायाचित्रण, बागकाम अशा हाताच्या कामांचे गणित वेगळे आहे. वस्तू पूर्ण झाल्याचे समाधान तिथे निर्विवाद असते. कधीच न संपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षे घालवलेल्या माणसाला त्याचे मोल अधिक कळते. पण स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचा बराच वेळ अंदाजपत्रके देणे, उधारी वसूल करणे आणि नवी गिऱ्हाइके शोधणे यांत जातो, हेही तितकेच खरे. छंदाचा व्यवसाय झाला की विसाव्याची हक्काची जागा हातची जाते, याचाही विचार व्हावा.

या वाटेवर खर्च पैशांचा असतो, तसाच ओळखीचाही. जिथे लोक अडचणीत आपल्याकडे धाव घेत होते तिथून निघून, आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या माणसाकडून प्राथमिक गोष्टी शिकाव्या लागतात. काहींना यात मोकळेपणा वाटतो, काहींना ते अतिशय जड जाते. थकव्यामुळे आपल्या कुवतीविषयी आधीच शंका निर्माण झालेली असेल, तर नवशिकेपणाचा पहिला काळ अधिक कठीण जातो आणि म्हणूनच विश्रांतीचा टप्पा गाळून थेट येथे येऊ नये.

पैसा आणि परतीची वाट

हिशोब महिन्यांत मांडावा. शिक्षणाचा काळ, त्यानंतर काम मिळेपर्यंतचा काळ आणि मिळकत स्थिरावेपर्यंतचा काळ यांची बेरीज करावी, आणि तेवढ्या महिन्यांचा घरखर्च बचतीतून किंवा जोडीदाराच्या मिळकतीतून निघतो का ते पाहावे. नोकरीसोबत मिळणारा आरोग्य विमा बंद होत असेल तर तोही खर्चात धरावा. जोडीदाराशी बोलणे हे आकडे हाती आल्यावर करावे, कारण आकड्यांशिवाय ती चर्चा भीती आणि आशा यांच्यातच फिरत राहते. बेरीज आवाक्याबाहेर जात असेल, तर आठवड्यातून दोन-तीन दिवसांचे तांत्रिक कंत्राट आणि उरलेल्या वेळात नवे शिक्षण, असा मधला मार्ग संथ असला तरी टिकाऊ आहे.

परतीची वाट बंद होईल ही भीती मात्र बऱ्याचदा वाजवीपेक्षा मोठी असते. फ्रेमवर्क, म्हणजे सॉफ्टवेअर बांधण्याचे तयार सांगाडे, दोन-तीन वर्षांत जुनी होतात हे खरे. पण डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या एसक्यूएल या भाषेचा पाया १९७४ मध्ये घातला गेला, इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने संगणकांच्या आपसांतील संवादाचे टीसीपी-आयपी हे नियम १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले, आणि दोन्ही आजही वापरात आहेत. ज्याचे मूलभूत ज्ञान पक्के आहे त्याला दोन वर्षांच्या खंडानंतर परतण्यासाठी काही महिन्यांची उजळणी लागेल, शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

राजीनामा देण्यापूर्वी नव्या कामाची चव घ्यावी, आणि तीही त्या कामाच्या नीरस भागाची. शिक्षक व्हायचे असेल तर एखाद्या रंगलेल्या तासाला बसण्यापेक्षा, ओळखीच्या शिक्षकासोबत उत्तरपत्रिका तपासण्याच्या आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घालवाव्यात आणि चाळिसावी उत्तरपत्रिका हाती घेताना आपल्याला काय वाटते ते त्याच रोजच्या नोंदीत लिहून ठेवावे.