गच्चीवरचं सोलर, १५ लिटरचा गीझर आणि शॉवर: सगळे ऋतू पाहिल्यानंतरचा वापर-अनुभव

यंत्रणा अशी आहे: पुण्याजवळचं दुमजली रो-हाउस, चार माणसं, गच्चीवर २०० लिटरचं काचेच्या नळ्यांचं सोलर (ईटीसी, ५८ मिलिमीटर जाडीच्या १८०० मिलिमीटर लांब २० नळ्या), खालच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर आणि दोन्ही बाथरूममध्ये शॉवर. पाणी अर्धं नळाचं, अर्धं बोअरचं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खालच्या बहुतेक गोष्टी कोणत्याही कंपनीच्या मालाला लागू पडतात आणि बऱ्याच तक्रारींचं मूळ यंत्रात नसून जोडणीत असतं.

आधी हिशेब. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. डिसेंबरात पहाटे वरच्या टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं आणि अंघोळीला ४० अंश पुरतं. म्हणजे २० लिटरच्या बादलीला साधारण अर्धं युनिट. जुना मोठ्या तबकडीचा शॉवर मिनिटाला १२ लिटर पाणी सोडायचा. त्याखाली सात मिनिटं म्हणजे ८४ लिटर, जवळजवळ दोन युनिट. चार माणसांचे महिन्याला २३० च्या पुढे. आता गीझरचे युनिट हे बिलातले वरचे युनिट असतात. पंखे, दिवे, फ्रिज यांचे युनिट कमी होत नाहीत, कमी होतात ते हेच. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पा बदलतो. म्हणून गीझरचा हिशेब सरासरी दराने न करता, तुमचं बिल ज्या टप्प्यात संपतं त्या दराने करायचा. सोयीसाठी इथे १० रुपये धरलेत.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परिणाम करणारी वस्तू सोलर नव्हे, शॉवरचं तोंड आहे. आपला शॉवर किती पाणी सोडतो हे बघायला बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं: १० लिटरची बादली शॉवरखाली धरा. ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर, १०० सेकंद लागले तर ६. मिनिटाला ६ लिटरच्या शॉवरखाली सात मिनिटांत ४२ लिटर जातात, म्हणजे युनिट थेट निम्मे. अंगावर पाणी कमी पडतंय असं वाटत नाही, पण एका अटीवर: शॉवर तुमच्या दाबाला शोभणारा हवा. हवा मिसळणाऱ्या, बारीक छिद्रांच्या शॉवरला बऱ्यापैकी दाब लागतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दोन-तीन मीटरचीच उंची मिळते, म्हणजे ०.२-०.३ बार. तिथे असा शॉवर नुसता ठिबकतो. वरच्या मजल्याला चार इंची, साध्या छिद्रांचा छोटा शॉवर चांगला. खालच्या मजल्यावर दाब थोडा बरा मिळतो, तिथे जुन्याच शॉवरच्या मानेत पाणी अडवणारी प्लास्टिकची चकती बसवूनही भागतं. आठ इंची ‘रेन शॉवर’ आणि वीजबचत या दोन गोष्टी एका बाथरूममध्ये नांदत नाहीत.

याच बदलाने गीझरचा प्रश्नही सुटतो. १५ लिटरचा गीझर ६० अंशांवर असेल तर विसण घालून ४० अंशांचं कागदोपत्री ३० लिटर पाणी होतं. प्रत्यक्षात टाकीत गार पाणी मिसळत जातं, त्यामुळे थोडं कमी, पण मधल्या वेळात एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी नळी, चालू असतोच. मिनिटाला १२ लिटरच्या शॉवरखाली हे अडीच मिनिटांत संपतं आणि माणूस २५ लिटरचा गीझर आणतो. ६ लिटरच्या शॉवरला तेच पाणी पाच-साडेपाच मिनिटं पुरतं. ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरबद्दल सारखं विचारलं जातं: २० अंश तापमान वाढवायचं तर तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. बादली हळूहळू भरायला ठीक. थंडीत शॉवरला नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत.

गीझर दिवसभर चालू ठेवायचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण थर्मोस्टॅटचं, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण मात्र कोणी बघत नाही. ते ७०-७५ वर असेल तर टाकीतून उष्णता जास्त गळते आणि बोअरच्या पाण्याचे क्षार एलिमेंटवर झपाट्याने बसतात. ५५ वर ठेवलं की दोन्ही कमी होतं. गीझर तापताना आतून तडतड, खडखड ऐकू येत असेल तर क्षार साचले आहेत. साफसफाई अशी: गीझरचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली, गार पाण्याची चावी बंद, टाकी रिकामी, मग खालच्या झाकणाचे नटबोल्ट काढून एलिमेंट बाहेर. एका लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून त्यात तासभर बुडवला की थर सुटतो. सुरीने खरवडू नये, एलिमेंटच्या नळीला चरे पडतात. त्याच वेळी मॅग्नेशियमचा दांडा बघून घ्यायचा. तो झिजून मधली तार दिसत असेल तर बदलायचा, कारण तो संपल्यावर गंज टाकीलाच लागतो. गॅस्केट नवीनच घालायचं, जुनं परत बसवलं की गळतंच. वायरिंगची खात्री नसेल तर मेकॅनिकला बोलवा, पण दांडा बदलायला सांगा. आपणहून कोणी बदलत नाही.

आता सोलर. नोव्हेंबर ते मार्च स्वच्छ उन्हात संध्याकाळी टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत जातं, रात्रीतून पाच-सात अंश उतरतं आणि सकाळी विसण घालावंच लागतं. उन्हाळ्यात ते ८० च्या वर कढत होतं, तेव्हा मुलांच्या बाथरूमला तापमान स्थिर ठेवणारा मिक्सर बसवणं ही चैन नाही. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढग असले की पाणी ३२ ते ३८ अंशांवर अडकतं, म्हणजे अंघोळीला जरासं कमी पडतं. इथे गीझर लागतोच.

तो जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. सोलरचं पाणी थेट गीझरच्या इनलेटला देणं ही प्लंबरची आवडती, कारण पाइप कमी लागतो. तोटा असा की गीझर बंद असतानाही त्यातलं १५ लिटर गार पाणी आधी बाहेर काढावं लागतं. शिवाय उन्हाळ्यात कढत पाणी आत गेलं की गीझरचा थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा खटका) पडू शकतो. पावसाळ्यात गीझर चालू होत नाही, मग एलिमेंट जळाला म्हणून बदलला जातो आणि खरं तर फक्त रीसेटचं बटण दाबायचं असतं. दुसरी पद्धत बायपासची: दोन-तीन चाव्या जास्त लावून सोलरचं पाणी आठ महिने थेट शॉवरला आणि चार महिने गीझरमधून. बायपासच करून घ्या. चाव्या हाताला येतील अशा उंचीवर लावून घ्या, माळ्यावर नकोत. सोलरच्या टाकीत वीज-एलिमेंट बसवून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. २०० लिटर पाणी २० अंशांनी वाढवायला साडेचार युनिटच्या वर जातात, आणि एका माणसाला अंघोळ करायची असली तरी तापते पूर्ण टाकी.

सोलरवरची सगळ्यात मोठी तक्रार, ‘पाणी गरमच येत नाही’. ऊन चांगलं असेल तर दहातल्या बहुतेक वेळा कारण गच्चीवर नसतं. हँडशॉवर किंवा मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून नुसतं पुढचं बटण बंद केलं की गरम आणि गार लाइन आतून जोडल्या जातात. ज्या लाइनला दाब जास्त तिचं पाणी दुसरीत शिरतं. गार लाइनवर प्रेशर पंप असेल तर गार पाणी रात्रभर सोलरच्या टाकीत चढत राहतं. तपासायची पद्धत सोपी: सोलरला गार पाणी देणारी चावी गच्चीवर बंद करा आणि खाली फक्त गरम नळ उघडा. टाकीचा गरम पाण्याचा आउटलेट वरच्या बाजूला असतो, त्यामुळे थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर कुठला तरी मिक्सर पाणी सरमिसळ करतोय. एकेका बाथरूमच्या चाव्या बंद करत गेलात की तो सापडतो. दोन्ही लाइनवर, मिक्सरच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) लावला की प्रश्न मिटतो. साधी, दाब न सोसणारी टाकी असेल तर तिला प्रेशर पंपाची लाइन थेट जोडायचीच नाही. शिवण उकलते.

दुसरी गळती पाइपात. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या) पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत १८ मीटर म्हणजे साडेचार लिटर गार पाणी आधी काढावं लागतं, आणि अंघोळ झाली की तेवढंच गरम पाणी पाइपात पडून गार होतं. इथे एक गंमत आहे: शॉवर कमी पाण्याचा घेतला की ही वाट बघणं दुप्पट होतं. त्यामुळे आधी खालचा नळ पूर्ण उघडून पाणी बादलीत घ्यायचं, गरम आलं की शॉवर. बादलीतलं पाणी फरशीला, कपड्यांना. चौघांनी लागोपाठ अंघोळी केल्या तर हा तोटा एकदाच होतो, तासातासाने केल्या तर चारदा. पाइपाला फोमचं आवरण घालतात त्याने पहिलं गार पाणी वाचत नाही. दोन अंघोळींमधल्या अर्ध्या-पाऊण तासात पाणी कोमट पडू नये एवढंच त्याचं काम. गच्चीवर उघडा काळा फोम उन्हाने भुगा होतो, त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळायला लावा. नवीन घर बांधत असाल तर बाथरूमच्या भिंतीतला शेवटचा तुकडा अर्धा इंची घ्या, त्यात पाणी निम्म्याहून कमी मावतं.

बसवताना उभं राहून बघण्यासारख्या गोष्टी थोड्याच. नळ्या दक्षिणेकडे, उतार ३० अंशांच्या जवळपास, म्हणजे हिवाळ्यातलं तिरकं ऊन नीट पकडलं जातं. सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली नको. हवेचा पाइप, म्हणजे व्हेंट, गार पाण्याच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच आणि कायम उघडा. त्यावर टोपी घट्ट बसवून ‘पाणी उडतं’ म्हणून बंद करणारे महाभाग आहेत. त्याने टाकी एक तर फुगते किंवा पाणी ओढताना आत चेपते. रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत भर दुपारी पाणी सोडलं की काच तडकते. भरायचं ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. पाणीपुरवठा बंद पडून टाकी रिकामी झाली तरी हाच नियम. प्रत्येक नळीच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत पट्टा असतो. तो पांढरा पडला की त्या नळीतली निर्वात पोकळी गेली. ती नळी अखंड दिसते, पण काम करत नाही आणि रात्री उलट उष्णता बाहेर टाकते. महिन्यातून एकदा नळ्यांवरची धूळ पुसायची, तेही सकाळी लवकर.

बोअरचं पाणी जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पॅनेलपेक्षा (एफपीसी) काचेच्या नळ्या बऱ्या, कारण त्या रुंद असतात, तुंबत नाहीत. क्षार मात्र तळाशी भुकटी होऊन साचतातच. वर्षा-दोन वर्षांनी नळ्या काढून धुवाव्या लागतात, आणि रबर-सिलिकॉनच्या कड्या त्याच वेळी बदलल्या नाहीत तर ठिबक सुरू होते. खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न नळ्यांचा नाही, आतल्या टाकीचा: कोणतं स्टील, आतून लेप कसला, आणि हमी गंजाला लागू आहे का.

पैशाचं गणित विक्रेता सांगतो तितकं गोड नाही. ६ लिटरच्या शॉवरने चौघांच्या घरात सोलर वर्षाला साधारण ९०० युनिट वाचवतं: निम्म्याहून अधिक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, एप्रिल-मेमध्ये जवळजवळ काही नाही, कारण वरची टाकीच तेव्हा कोमट असते. म्हणजे नऊ हजार रुपये. बसवायचा खर्च ३५-४० हजार धरला तर चार-साडेचार वर्षं. जुन्या १२ लिटरच्या शॉवरने तोच खर्च दोन वर्षांत निघाल्यासारखा दिसला असता, पण ती बचत उधळपट्टीतून आली असती. पुणे महापालिकेच्या हद्दीत सोलरला मालमत्ता करात सूट मिळते, ती वेगळी. आणि शॉवर बदलल्यावर चौघांना २०० लिटर जास्तच होतं. स्वच्छ उन्हात ६० अंशांचं ८५ लिटर पाणी चार अंघोळींना पुरतं, ढगाळ दिवस आणि पाइपातली गळती धरूनही १५० लिटर खूप झालं.

भाड्याचं घर असेल, किंवा गच्ची सोसायटीची असेल, तर सोलरचा नाद सोडून शॉवर आणि थर्मोस्टॅट एवढ्यावर थांबलं तरी चालेल. गॅस गीझर वीजेपेक्षा स्वस्त पडतो (१४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपयांच्या आसपास धरला तर उपयोगी युनिट साधारण सहा रुपयांना), पण तो बाथरूमच्या आत बसवू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. बाल्कनीत, उघड्या हवेत, तिथून पाइप आत.

मे महिन्यात गावाला जाताना टाकी रिकामी करून जाऊ नका. निम्म्या नळ्यांवर हिरवी शेडनेट किंवा गोणपाट बांधा, गार पाण्याची चावी उघडी ठेवा आणि व्हेंट मोकळा आहे ना ते बघा. परत आल्यावर पहिलं पाणी हात लावून बघितल्याशिवाय शॉवर सुरू करू नका.