नॉब ढिला होता, बिल साडेअकरा हजारांचं झालं

पद्मिनी वापरणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. गेल्या महिन्याभरात आणखी दोघांकडून हीच कहाणी ऐकली आणि दोघांनाही ऐकवलेलं वाक्य जवळपास तेच होतं: "साहेब, नॉबचं काय घेऊन बसलात, रोग आत आहे."

माझी गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. स्टिअरिंगच्या कॉलमवर गिअरची लिव्हर, तिच्या टोकाला काळी प्लास्टिकची मूठ, म्हणजेच नॉब. गेल्या पावसाळ्यापासून ही मूठ हातात गर्रकन फिरायला लागली. खड्डा आला की खुळखुळ्यासारखी वाजायची. जवळजवळ चाळीस वर्षं लोखंडी आट्यांवर प्लास्टिकचे आटे घासत आलेत, दुसरं काय होणार? एवढं मलाही कळत होतं. तरी मी 'जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट' अशी पाटी बघून आत शिरलो.

मालक स्वतः येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मूठ धरून त्यांनी लिव्हर वरखाली, मागेपुढे गदागदा हलवली. "बघा, केवढा प्ले आहे. नॉब यानेच सैल होतोय. नवा टाकला तरी महिन्यात तसाच होईल." लिव्हर खरंच हलत होती. मी गप्प.

इथेच मला गंडवलं, म्हणून हे नीट सांगतो. पद्मिनीची लिव्हर वर स्टिअरिंगजवळ आणि गिअरबॉक्स लांब खाली. मध्ये शाफ्ट, आर्म, रॉड (या सगळ्या जोडणीला लिंकेज म्हणतात) आणि सांध्यासांध्यात बुश, म्हणजे झीज सोसणाऱ्या छोट्या नळ्या. प्रत्येक सांध्यातली जराजराशी ढिलाई वर लिव्हरपर्यंत पोचते, त्यामुळे जुन्या पद्मिनीची लिव्हर थोडी हलतेच. बुश फारच झिजले की गिअर अडकायला लागतात, बॉनेट उघडून हाताने रॉड मोकळे करावे लागतात. पण त्या ढिलाईचा, म्हणजे मालकांच्या 'प्ले'चा, मूठ सैल होण्याशी काहीही संबंध नाही. मुठीच्या खाली लोखंडी दांडा डाव्या हाताने घट्ट धरा आणि उजव्या हाताने फक्त मूठ फिरवा. फिरली तर आटे गेलेत, बस. मालकांनी दांडा धरलाच नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

मग मालाची गोष्ट निघाली. "मुंबईच्या टॅक्स्यापण बंद झाल्या, आता पार्ट आणायचे कुठून?" टॅक्सीचं खरंच होतं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला सेवेतून उतरली, ते सगळ्या पेपरांत आलं होतं. पण एवढ्या टॅक्स्या भंगारात गेल्या म्हणजे त्यांचे नॉब, लिव्हर, आर्म बाजारात आले असणार, एवढा साधा हिशोब मला जमला नाही. ते म्हणाले, "माझ्याकडे एकच इटालियन ओरिजिनल पीस आहे, तुमच्यासाठी काढतो." गाडी बनली कुर्ल्याला आणि नॉब म्हणे इटलीचा! तरीही मी मान डोलावली.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. नॉब ३,८००, बुश सेट ४,२००, मजुरी ३,५००. एकूण ११,५००, वहीतल्या फाडलेल्या कागदावर, ना शिक्का ना जीएसटी नंबर. नवा नॉब चकचकीत होता, दगडासारखा घट्ट बसला होता. जुना मागितला तर "कचऱ्यात गेला हो, काय करताय त्याचं" म्हणून हसले.

अठराव्या दिवशी कात्रजचा घाट चढताना तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेलो आणि मूठ हातात आली. मागे एसटीचा हॉर्न, माझ्या हातात इटली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मुठीच्या भोकात टॉर्च मारला. आत झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पांढरा थर आणि त्याखाली चिकटपट्टीचा वेढा. "आटे जुळतच नाहीत रे. हा इंची आहे, कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा." फियाटच्या घराण्यातली गाडी म्हणजे मिलिमीटरचं काम, तर अँबेसिडरसारखी इंग्रजी वंशाची गाडी इंचाची, हे त्यांनी मला शिकवलं. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे ८ मिमीच्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण आट्यांमधलं अंतर वेगळं असतं. दोन वेढे सुरळीत जातात, मग अडतं. जोर लावला की चांगले आटेही मरतात. माझ्या लिव्हरचे वरचे तीन मेले होते.

मग ते गाडीखाली शिरले आणि मलाही बोलावलं. लिंकेजच्या सांध्यांवर वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि धूळ यांची काळी पापडी जशीच्या तशी होती. नखाने टोकरली तर खाली गंज. बुश बदलायचे तर हे सांधे उघडावेच लागतात. कुणी पाना लावल्याची एक खूणही नव्हती.

गॅरेजला परत गेलो. आवाज चढवला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करतो म्हणालो. मालक शांत. "करा की. बिल आहे का?" तो वहीचा कागद बिल नव्हता, हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं. शेवटी कटकट मिटवायला त्यांनी फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून पुढे केला. आत पंचवीस-तीस जुने नॉब. काळे, पिवळट, एक लाकडी. कचऱ्यात काही गेलं नव्हतं. पुढच्या गिऱ्हाइकांसाठी 'ओरिजिनल पीस' तिथूनच निघत असणार.

"तुमचा कुठला, ओळखा."

वडिलांच्या अंगठीने मुठीच्या डाव्या अंगाला एक खाच पडली होती. डब्यात हात घातला आणि चौथ्या-पाचव्यातच ती अंगठ्याला लागली. उचलली आणि निघालो. पैसे गेले ते गेलेच.

काकांनी डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून लिव्हरचे आटे साफ केले. मुठीतलं झिजलेलं भोक थोडं मोठं करून त्यात आतून आटे पाडलेलं पितळी बुश अरल्डाइटने बसवलं आणि रात्रभर तसंच ठेवायला लावलं. सकाळी लिव्हरवर आधी पातळ चेकनट (मूठ फिरू नये म्हणून लावायचा जादा नट), मग मूठ, मग चेकनट खालून मुठीवर आवळला. लिव्हरच्या आट्यांना गोंदाचा थेंबही नाही, उद्या काढायची झाली तर सरळ फिरवून निघेल. अडीचशे रुपये घेतले, तेही मी फार आग्रह केल्यावर. लिव्हर अजून पहिल्याइतकीच हलते. बुश दिवाळीनंतर बघू म्हणालेत.