गरम काँक्रीट: बर्फ घालायचा की पांघरूण?

सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं, म्हणून काँक्रीटचं जाड ओतकाम निघालं की साइटवर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते मिक्समध्ये बर्फ टाका, दुसरी म्हणते काही नको, वरून थर्मोकोल नि प्लास्टिक घालून झाकून ठेवा. दोघंही बरोबर, पण वेगवेगळ्या तड्यांसाठी, आणि तडा कुठला येणारे हेच आधी कुणी विचारत नाही.

मीटर-दीड मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा सलग पाया, घ्या. पोट तापतं, वरची कातडी गार पडते, ताणली जाते आणि फाटते. पोट आणि कातडी यात 20 अंशांपेक्षा जास्त फरक नको हा जुना ठोकताळा. इथे पांघरूणच भारी, आणि स्वस्तही. पण दोन दिवसांनी रात्रीच्या गारव्यात ते ओढून काढलं किंवा वर गार पाणी मारलं तर सगळी मेहनत वाया, म्हणून थर्मोकपल (आतलं तापमान मोजायच्या तारा) दोन तरी ठेवा, एक मध्यात, एक वरच्या थराजवळ, आणि आकडे बघूनच काढा.

आता जुन्या फुटिंगवरची, म्हणजे आधीच ओतलेल्या पायावरची, भिंत. ती अख्खी तापते, तापलेली असतानाच घट्ट होते, मग गार होताना आखडायला बघते आणि फुटिंग तिला आखडू देत नाही. काँक्रीट दर अंशाला साधारण दहा लाखात 10 भाग आखडतं, म्हणजे 30 अंश उतरले की 300, त्यातलं अर्धं जरी अडलं तरी कोवळ्या काँक्रीटला ते झेपणं अवघड. असे उभे तडे बहुतेकदा आरपार जातात, पाण्याच्या टाकीला तर गळतीच. इथे पांघरूण घातलं तर कमाल तापमान उलट वाढतं! इथे ते खालीच आणावं लागतं.

बर्फ काम करतो, पण हिशोब बघा: एक घनमीटर काँक्रीट 1 अंश गार करायला साधारण 7 किलो बर्फ, 10 अंशांना 70, आणि तो सगळा मिक्सच्या पाण्यातूनच वजा करायचा, त्यात वाळू ओली असली की जागाच उरत नाही. शिवाय मिक्सरमधून बाहेर यायच्या आत पूर्ण वितळला पाहिजे. त्यापेक्षा खडी सावलीत ठेवा, वजन तिचंच जास्त असतं.

माझं मत विचाराल तर आधी सिमेंट कमी करा. घनमीटरमागे 100 किलो सिमेंट म्हणजे जाड कामात अंदाजे 12 अंश. सिमेंटच्या जागी 30-35 टक्के फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) घातली तर ताकद उशिरा येते, शटरिंग (साचा) काढणं लांबतं, कॉन्ट्रॅक्टर कुरकुरतो, पण नेहमीच्या 28 ऐवजी 56 दिवसांची ताकद चालणार असेल तर सरळ घ्या. स्लॅग (पोलाद कारखान्यातल्या भट्टीची मळी) 50 टक्क्यांच्या पुढे गेला तरच फरक जाणवतो. राफ्टलाही हे लागतंच, कारण आतलं तापमान 70 च्या वर गेलं तर पुढे वर्षांनी वेगळंच दुखणं, उशिरा तयार होणाऱ्या एट्रिंगाइटचं, म्हणजे काँक्रीटला आतून फुगवणाऱ्या स्फटिकांचं.

आत पाइप टाकून पाणी फिरवणं हूव्हर धरणात 1930 च्या दशकात केलं, पण साध्या भिंतीला ती डोकेदुखी कशाला. त्यापेक्षा पातळ भिंतीला लोखंडी शटरिंग लावा, ते उष्णता सोडतं, प्लाय धरून ठेवतं.