नऊ महिने, चौदा हजार फोटो आणि दोन ‘तिसऱ्या’

“दादानू, तो रापणीचो फोटो आसा मां तुमच्याकडे?” मालवणात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, आणि हा प्रश्न वर्षातून चारदा तरी येतो. (रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं.) पूर्वी मी “बघतंय” म्हणायचो आणि दोन दिवस हार्ड डिस्क उपसत बसायचो. फोल्डरांची नावं काय, तर ‘तारकर्ली नवीन’, ‘तारकर्ली नवीन 2’, ‘रापण बरे’. ‘बरे’ म्हणजे नक्की काय, ते ठेवणाऱ्यालाच आठवत नव्हतं, आणि ठेवणारा मीच.

गेल्या मिरगाला भाच्यानं संगणकावर डिजिकॅम हे फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट आहे. फोटोंना कीवर्ड द्यायचे, एकाखाली एक अशी त्यांची उतरंड लावायची, मग हवं ते शोधायचं. लग्नं संपलेली, मासेमारी बंद, बाहेर धो धो पाऊस. जून-जुलै त्यातच घातले.

सुरुवातीला अंगात आलं होतं. रापणीच्या एका फोटोला मी तेवीस शब्द दिले: समुद्र, पाणी, निळा, माणसं, सकाळ, काय काय. महिन्याभरानं ‘समुद्र’ शोधलं तर निम्मी हार्ड डिस्क समोर आली. मालवणातल्या फोटोग्राफरनं ‘समुद्र’ हा कीवर्ड देणं म्हणजे वाण्यानं प्रत्येक डब्यावर ‘किराणा’ लिहिण्यातला प्रकार! आता त्याच फोटोला चारच आहेत: रापण, तारकर्ली, बांगडा, घार. घार यासाठी की जाळं वाळूत आलं की त्या डोक्यावर घिरट्या घालतात, आणि एकदा खास तसाच फोटो कुणीतरी मागितला होता.

खरी डोकेफोड मराठीची. ‘होडी’ की ‘होड्या’? मी मूळ रूप, एकवचन धरलं. कोळंबी म्हणायचं की सुंगटा? पुण्याहून मागणारे कोळंबी म्हणतात, गावातले सुंगटा. शेवटी कोळंबी ठेवलं आणि गल्ल्यातल्या वहीत लिहून टाकलं: सुंगटा म्हणजे कोळंबी बघ. ही वही सॉफ्टवेअरइतकीच कामाची ठरली.

‘सिंधुदुर्ग’नं तर आठवडा खाल्ला. किल्ला की जिल्हा? आता ‘सिंधुदुर्ग किल्ला’ आणि ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ वेगळे. त्यात वडिलांच्या निगेटिव्हची पाकिटं, त्यांवर त्यांच्या अक्षरात ‘मालवण, जि. रत्नागिरी’. बरोबरच आहे, आपला जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला. शोधायला सोपं म्हणून त्या फोटोंनाही आजचा जिल्हा दिला आणि पाकिटावरचा मजकूर जसाच्या तसा वर्णनात टाकला.

आणि तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले. त्यांचे बाजारातले फोटो शोधले तर अकरा. माझ्याकडे याहून जास्त आहेत हे मला पक्कं ठाऊक. यादी उघडली तर ‘तिसऱ्या’ आणि तिच्याखाली पुन्हा ‘तिसऱ्या’, अक्षरन् अक्षर सारखी. भाच्यानं उलगडा केला: हा ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. एक नाव मी मोबाइलवर लिहून आणलेलं, दुसरं इथल्या कीबोर्डवर. डोळ्यांना फरक शून्य, शोधाला दोन वेगळे शब्द. तेव्हापासून कीवर्ड नव्यानं टंकायचा नाही, यादीतूनच उचलायचा.

एक चूक सर्वस्वी माझी. कीवर्ड प्रत्यक्ष फोटोच्या फाइलीत लिहायचा पर्याय मी निवडलाच नव्हता. सगळे प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदवहीत. दुसऱ्या लॅपटॉपवर फोटो नेले तर कोरे करकरीत. आता फाइलीत लिहून ठेवतो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या फोटोंची माहिती बाजूच्या एक्सएमपी फाइलीत जाते, ती फोटोबरोबरच हलवायची. आणि नावं आखूड ठेवा. फोटोच्या फाइलीत माहिती लिहायच्या आयपीटीसी या जुन्या पद्धतीत कीवर्डला 64 बाइटच मिळतात, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त यांचे 3-3 बाइट. म्हणजे एकवीस चिन्हं. ‘सिंधुदुर्ग किल्ला’ बसतो, पुढे ‘महादरवाजा’ जोडला की बाहेर. एक्सएमपी या नव्या पद्धतीला ही अडचण नाही, पण समोरच्याकडे कुठला जुना प्रोग्राम असेल सांगता येत नाही.

रापणीचा फोटो हल्ली गिऱ्हाईक चहा संपवायच्या आत निघतो. दशावतारी नाटकांचे फोटो मात्र अजून अर्धवट. मी सगळे फोटो भूमिकेवरून लावले: राजपार्ट, स्त्रीपार्ट, संकासुर. गेल्या महिन्यात एक मुलगा वडिलांचा स्त्रीपार्टातला फोटो मागायला आला. स्त्रीपार्ट शोधलं, तीनशेच्या वर निघाले, आणि त्या रंगामागे त्याचे वडील कुठले ते त्यालाही ओळखेना. आता कलाकाराच्या नावाची वेगळी उतरंड सुरू केली आहे. संध्याकाळी दशावतार कंपनीतली दोन जुनी माणसं दुकानात येऊन बसतात, मी एकेक फोटो पुढे सरकवतो, आणि प्रत्येक फोटोवर त्यांचं भांडण होतं.