दातात धरायची बॅटरी: ट्यूब, निपल की फडकं?

जानेवारीतली रात्र, शेतीपंपाला रात्रपाळीची लाइट, आणि केळीच्या बागेत लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, फाटून पाण्याचा फवारा उडतोय. पारा दहाच्या खाली गेला की ती काळी नळी लाकडासारखी कडक होते. फाटलेली टोकं जोडणारा जॉइनर आत बसवायचा तर नळीचं तोंड काडी ओढून जरा शेकावं लागतं, मग एका हातात नळी, दुसऱ्या हातात जॉइनर. बॅटरी धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही, म्हणून ती जाते दातात. आमच्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा-यावलकडे रात्री पाणी भरणाऱ्या कुणालाही विचारा, हे सगळ्यांनीच केलेलं असतं.

मीही वर्षानुवर्षं केलं. एकदा ओल्या दांडावर पाय सरकला आणि ॲल्युमिनियमच्या बॅटरीने पुढच्या दाताचा टवका नेला. तसंही थंडीत त्या धातूचा स्पर्श झाला की दातातून कळ जाते. आमचे आबा तर आधीपासून म्हणायचे, "आरे, तुना दात पडतीन ना!" टवका गेल्यावर मात्र बॅटरीला काहीतरी मऊ लावायचं ठरवलं. दोन हिवाळ्यांत जे जे लावून पाहिलं, ते इथे शेजारी शेजारी ठेवतो.

कल्पना माझी नव्हे. परदेशात ई-सिगारेट ओढणारे काही लोक हात मोकळे राहावेत म्हणून तिच्या तोंडाशी सिलिकॉनची मऊ नळी चढवतात आणि ती दातात धरतात. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं सगळंच बंद आहे. बनवण्या-विकण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा ती वस्तू तिकडेच राहू द्या. जुगाड तेवढा उचलायचा.

आता मुद्द्याचं. काय लावायचं याच्या आधी कशाला लावायचं ते ठरवा. मी पहिल्या हिवाळ्यात उलटं केलं. मऊ काय मिळेल ते शोधत बसलो आणि बॅटरी तीच जाडजूड ठेवली. जबडा दुखतो तो कडकपणामुळे कमी आणि वजनामुळे, जाडीमुळे जास्त. नुसत्या सेलचं वजन बघा. रिमोटमधला बारका ट्रिपल-ए सेल अकरा-बारा ग्रॅमचा, घड्याळातला पेन्सिल सेल साधारण तेवीस ग्रॅमचा, आणि चार्जिंगच्या बॅटरीतला जाडा १८६५० लिथियम सेल पंचेचाळीसच्या आसपास. वरून धातूचं कवच वेगळं. हे सगळं ओझं दातांच्या पुढे लोंबतं, म्हणजे पहार एका टोकाला धरून उचलल्यासारखं. जाडी वाढली की तोंड जास्त उघडावं लागतं, आणि 'आ' करून कानशिलाजवळचे स्नायू पाच मिनिटांत भरून येतात. त्यावर मऊ थर चढवला की जाडी आणखी वाढते. म्हणजे जाड बॅटरीला मऊ मूठ लावणं हे दुखण्यावर दुखणं.

लिथियम सेलवाली बॅटरी तोंडात नकोच, याला आणखी एक कारण आहे. सेल बिघडून आत वायू झाला तर त्या घट्ट बंद नळीतून तो बाहेर निघायला वाट नसते. असली वस्तू चेहऱ्याच्या इतक्या जवळ कशाला ठेवायची? तेव्हा तोंडासाठी एका ट्रिपल-ए सेलची, बोटाएवढ्या जाडीची पेन-बॅटरी घ्या. उजेड कमी पडतो, पण जॉइनर हातभर अंतरावरच असतो.

आता मूठ. खरी लढत दोघांतच आहे: सायकलची ट्यूब आणि बाळाच्या दुधाच्या बाटलीचं निपल.

ट्यूबचा मोठा गुण म्हणजे ती घरात पडलेली असते. साध्या सायकलची ट्यूब पेन-बॅटरीवर ढिली होते, म्हणून दोन बोटं रुंद पट्टी उभी कापायची, ताणत ताणत गुंडाळायची आणि शेवट आधीच्या वेढ्याखाली खुपसायचा. पकड जबरदस्त. ओल्या हातातूनही बॅटरी निसटत नाही, खाली पडली तरी काचेला धक्का लागत नाही. आता दुर्गुण. आतली पांढरी भुकटी साबणाने दोनदा धुतली तरी रबराची चव जात नाही, लाळ सुटते आणि ती गिळावी की थुंकावी कळत नाही. हे रबर हवा धरून ठेवायला बनवलेलं, तोंडात घालायला नाही. त्यात काजळी असते, गंधक असतं. जुनी ट्यूब असेल तर ओठ काळे होतात. बायकोने एकदा पहाटे पाहून विचारलं, "कोळसा खाल्ला का?"

निपलचं तसं नाही. सिलिकॉनचं पारदर्शक निपल मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं. ते तोंडात जाण्यासाठीच बनवलेलं, चव नाही, वास नाही, उकळत्या पाण्यात टाकून स्वच्छ करता येतं. पिवळसर मिळतं ते लॅटेक्सचं, ते उन्हाने लवकर चिकट होतं, नको. गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवून, आत साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून ते बॅटरीच्या मागच्या टोकावर ओढायचं. सुकलं की हलत नाही. टोक कापू नका. मागे बटण असेल तर निपलवरूनच दाबता येतं, हात चिखलाचे असतील तर जिभेनेसुद्धा. (हसू नका, करून बघा.) आणि निपलची जी रुंद कॉलर बाटलीच्या झाकणात अडकते, ती इथे ओठांच्या बाहेर टेकते. त्यामुळे बॅटरी घशाकडे जात नाही. ट्यूबच्या मुठीला हा अडसर नाही.

दुखरी बाजू एकच: सिलिकॉनला बारीकशी चीर पडली की ती पळत सुटते. पेन-बॅटरीच्या अंगावर पकडीसाठी खरखरीत नक्षी असते, ती आतून निपल कापते आणि आपण बाहेरून सुळ्याने. माझं पहिलं निपल आठ दिवसांत फाटलं, एक तुकडा जिभेवर आला. तो गिळला गेला असता किंवा श्वासनळीत गेला असता तर? उपाय इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाला. उष्णतेने आवळणारी स्लीव्ह येते, तिचा व्यास साधारण निम्मा होतो. चौदा मिलीमीटरच्या बॅटरीला वीसची स्लीव्ह घेतली, सेल काढून ठेवला, लायटर लांबूनच फिरवला. नक्षी झाकली गेली. त्यावरचं निपल अख्खा हिवाळा टिकलं. नुसती स्लीव्ह मूठ म्हणून मात्र कामाची नाही, दाताला कडकच लागते.

बाकीचे उमेदवार पटकन उरकतो. सुती फडकं दोऱ्याने बांधलं तर पहिल्या रात्री सगळ्यात सुखाचं वाटतं, दुसऱ्या रात्री लाळेने आंबतं. रोज बदलणार असाल तर ठीक. वायरिंगची चिकटपट्टी तोंडात सुटते आणि डिंक दाताला लागतो. बागेतल्या लॅटरलचाच तुकडा चढवायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. पण ती नळी कडक, आणि तिच्यातून विद्राव्य खत, आम्ल काय काय गेलेलं असतं. सलाईनची वापरलेली नळी कुणी देऊ केली तर हात जोडा.

मग डोक्याला बांधायची बॅटरीच का घेऊ नये? घ्याच. फवारणी, केळी कापणी, तासभर चालणारं कुठलंही काम असेल तर मुठीचा विचारही करू नका. पण ती तोंडाच्या बॅटरीची जागा पूर्ण घेत नाही. कपाळावर उजेड म्हटल्यावर किडे थेट डोळ्यांत येतात. दुसरं, उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच पडला की जमिनीवर सावल्या दिसत नाहीत, सगळं सपाट वाटतं. पाचटात घोणस पडलेली असेल तर बॅटरी खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरूनच ती नीट कळते. म्हणून चालताना बॅटरी हातातच. दातात धरून तर एक पाऊलही टाकू नका. पडलात तर टवक्यावर भागणार नाही, टाळूला भोक पडेल.

मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीपाशीही दातातली बॅटरी नको. धातूचं कवच, लाळेने ओली मूठ, आणि तोंड पेटीपासून वीतभर. निपल वीज अडवतं म्हणून कुणी भरवसा ठेवू नये. आधी मेन स्विच पाडायचा आणि तिथे तरी दुसऱ्या माणसाला बॅटरी धरायला लावायची.

तुमचं काम पाच-दहा मिनिटांचं, दोन्ही हातांचं आणि एका जागचं असेल तर पेन-बॅटरी, स्लीव्ह, वर निपल. आज रात्रीच लाइट आहे आणि मेडिकल बंद झालंय तर ट्यूबवर भागवा. खत किंवा औषध हाताळलेल्या हाताने मूठ धरू नका. मी निपलवर एक छोटी डबी उपडी घालून बॅटरी शर्टाच्या खिशात ठेवतो, पॅन्टच्या नाही, कारण तिथे युरियाचे दाणे असतात. निपल रोज उजेडासमोर ताणून बघा, चीर दिसली की त्याच दिवशी टाका. आणि दुकानदार विचारेल, बाळ किती महिन्यांचं? मी सरळ सांगतो, बावन्न वर्षांचं.